चांद्याच्या पाठीवरचा भोवरा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुलनं शाळेच्या भिंतीवरून काढून आणलेला कागद बापाच्या पुढ्यात टाकला. गनीभाई ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते.

"बघा. तुमच्या धाकट्या लेकाची मास्तरकी बघा."

गनीभाईंनी बशी खाली ठेवली आणि कागद उजेडाकडे धरला. बैलाचं चित्र होतं, पेन्सिलीनं काढलेलं. त्यांनी बैल लगेच ओळखला. चांद्या. डाव्या शिंगाचं टोक आत वळलेलं, कपाळावर पांढरा ठिपका, मागच्या उजव्या पायावर भार टाकून उभं राहायची तीच खोड. फाल्गुनात अकरा दिवस तो ह्याच अंगणात बांधलेला होता. खोटं कशाला सांगा, म्हाताऱ्याला पहिल्यांदा आनंदच झाला. चाळीस वर्षं घोडेगावच्या बाजारात जनावरं पारखली, पण स्वतःच्या दोन्ही पोरांत तो डोळा कुणात उतरला नव्हता. अब्दुल नुसता बोलण्यावर सौदे करायचा. फक्रुद्दीनला गाय आणि म्हैस एवढाच फरक कळायचा. आणि हे चित्र ज्यानं काढलं त्याला बैल पायापासून बघता येत होता.

मग त्यांची नजर वशिंडाच्या मागं गेली आणि आनंद तिथंच थांबला. पाठीच्या कण्यावर भोवरा होता. एकेक केस सुटा काढलेला, गोल फिरत गेलेला.

"गौहरनं काढलं?" त्यांनी विचारलं. ठाऊक होतं तरी विचारलं.

"दुसरं कोन काढनार? माझ्याच पोरीनं. आन् फक्रूनं ते भिंतीला लावलं. पोळ्याच्या दिवशी, अख्खं गाव शाळंत यायच्या दिवशी. उत्तम चित्र म्हनून मधोमध लावलं, अब्बा."

वशिंडामागचा एकेरी भोवरा म्हणजे काय, हे त्या मुलखात बैल बाळगणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. असला बैल मालकाच्या घरात माणूस ठेवत नाही, असं लोक मानतात. फुकट दिला तरी शेतकरी तो दावणीला बांधणार नाही. मग असल्या जनावराला एकच गिऱ्हाईक उरतं, ते म्हणजे कसाई. गनीभाईंचा ह्या भोवऱ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. चांद्यासारखा चौसा, ऐन उमेदीतला, कष्टाळू, गरीब बैल सुरीखाली द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी एका सकाळी लोखंड तापवलं आणि बरोब्बर भोवऱ्यावर डाग दिला. दुखण्यावर देतात तसाच. डागल्या जागेवर पुन्हा केस येत नाहीत. पाठीत उसण भरली होती, असं सांगून चैत्रात त्यांनी तो सहादेवला विकला. सहादेव शेजारच्या वाडीवरचा, तीस वर्षांचा दोस्त. त्यानं डागाकडं बघून विचारलंसुद्धा नाही. गनीभाईचा बैल म्हणजे बघायचं काय.

म्हणजे तो भोवरा आता जगात कुठंच नव्हता. होता तो फक्त ह्या कागदावर.

"सहादेवनं बघितलं?"

"बघितलं म्हंजी. घंटा होईस्तोवर चितरापुढं उभा हुता म्हनं. कुनाशी एक शब्द बोलला न्हाई. आन् आता सकाळी निरोप धाडलाय. शाळंच्या हेडमास्तरांना, गोरक्षनाथ गुरुजींना घिऊन येतो, पोरीला घरात ठिवा." अब्दुलचा आवाज खाली आला. "अब्बा, भीमा जाऊन आजून दोन महिने न्हाई झालं."

भीमा म्हणजे सहादेवचा एकुलता एक मुलगा. आषाढात तीन दिवसांच्या तापात गेला. गनीभाई त्याच्या मातीला गेले होते, सहादेवला धरून बसले होते. तेव्हा डागाची आठवणसुद्धा त्यांना झाली नव्हती. आता झाली.

"त्यो काय म्हननार ते मी सांगतो," अब्दुल म्हणाला. "गनीभाईनं भोवऱ्याचा बैल गळ्यात मारला आन् माझा पोरगा खाल्ला. एकदा चार मानसांत ह्ये बोलला की आपलं दावं बाजारात कोन धरनार? आन् दिवस कसले आलेत. चावडीवर रोज पेपरात कलकत्त्याच्या दंग्याचं वाचत्यात. कालपर्यंत चाचा म्हननारी पोरं आता वाचता वाचता मधीच गप होत्यात मला बघून. आपली तीन घरं हायेत ह्या गावात, अब्बा. तीन."

गनीभाईंनी कागदाची घडी केली नाही, गुंडाळीही केली नाही. नुसता मांडीवर धरून ठेवला.

"फक्रूला बोलव," ते शेवटी म्हणाले.

*

फक्रुद्दीन चौथीचा वर्ग घ्यायचा आणि आठवड्यातून तीनदा वरच्या वर्गांना चित्रकला शिकवायचा. लहानपणापासून तो नगरला मामाकडं शिकायला राहिला, म्हणून ढोरांच्या धंद्यातलं त्याला काही कळत नव्हतं आणि ते न कळण्याचा त्याला थोडा अभिमानही होता. आज तो अभिमान त्याच्या तोंडावर मारला जात होता.

"मला भोवऱ्याचं काय ठाऊक, भाई? मी केसांचं वळण बघितलं. बारा वर्षांच्या पोरीनं केसांचं वळण असं काढलंय, ह्याच्यावरच मी खूश झालो."

"बैलं विकनाऱ्या हेड्याच्या पोटी जन्मलास आन् भोवरा ठाऊक न्हाई. लाज वाटू दे जरा."

"भोवऱ्यानं माणूस मरत नाही."

"ह्ये सहादेवला सांग."

"बास," गनीभाई म्हणाले. मग फक्रुद्दीनकडं न बघता म्हणाले, "तू सांगायचं, पोरीनं मनानं काढलंय. लहान पोर, दुसऱ्या कुटल्या बैलाचा भोवरा ह्याला लावला. तू मास्तर हायेस, तुझं ऐकत्याल."

फक्रुद्दीनला आधी कळलंच नाही बाप काय मागतोय. कळलं तेव्हा तो खालीच बसला.

"अब्बा, मी दोन वर्षं त्या शाळेत एकच गोष्ट शिकवतोय. ठाऊक आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. बैल म्हटलं की पोरं चार काठ्या आणि दोन शिंगं काढायची. सगळ्यांचा बैल एकच. मी त्यांना उन्हात नेऊन बैलापुढं बसवलं. बन्सी ठाऊक आहे ना, कुंभाराचा? गणितात मार खाऊन खाऊन शाळा सोडून पळालेला. तो आता चित्राच्या तासासाठी येतो आणि आला म्हणून गणितालाही बसतो. गुरुजींना हे दिसत नाही. त्यांना वाटतं, ह्या तासात पोरं खेळतात. स्कूल बोर्डानं विचारलंय, हा तास चालू ठेवायचा का, आणि त्यावर शेरा गुरुजींनी लिहायचाय. आणि त्यांच्यासमोर मी सांगू, की पोरं जे काढतात ते खोटं असतं?"

"एकाच चितराचं सांग. सगळ्यांचं कशाला."

"एकाचं सांगितलं की सगळ्यांचं झालं."

अब्दुल हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मंग खरं सांग. सांग, माझ्या बापानं दोस्ताला फसिवलं. आन् मंग बस चितरं काढत. कुटं बसनार ते बी ठरव."

भाऊ चुकीचं बोलत नव्हता, हाच फक्रुद्दीनचा त्रास होता.

गनीभाईंनी आवाज मऊ केला. सौदा तुटायला आला की ते असाच आवाज काढायचे. "हे बघ. गौहरची नगरची परीक्षा वीस दिसांवर आलीय. अब्दुल नगं म्हनत हुता, मी त्याला गप केला का न्हाई? ह्या वर्षी शाळंतनं काढून हिचं लगीन लावतो म्हनत हुता, मी थांबिवलं का न्हाई? तू आज येवढं बोल. पोरीला मी सोता नगरला घिऊन जातो. पास झाली तर फुडं शिकू दे. अब्दुल आडवा येनार न्हाई."

अब्दुलनं मान फिरवली, पण नाही म्हणाला नाही.

एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला घोडेगावातून आजवर एकही मुलगी बसली नव्हती. गौहरचा फॉर्म फक्रुद्दीननं स्वतः भरला होता. ती पास झाली की घरात कुणाला काही बोलता येणार नाही, शाळा सुटणार नाही, ह्या एका आशेवर चुलता-पुतणी वर्षभर राबली होती. आता बाप तीच आशा त्याच्या हातात ठेवून दुसऱ्या हातानं त्याची जीभ मागत होता.

आणि खरं सांगायचं तर फक्रुद्दीननं मनाशी हिशेब जुळवलासुद्धा. भोवरा ही सगळी अडाण्यांची समजूत. तापानं मेलेला माणूस बैलानं मेला असं मानायचं, त्यात एक खोटं बोललं तर कुणाचं काय वाईट होणार आहे? सहादेवचा राग निवेल, म्हाताऱ्याची अब्रू राहील, पोरीची परीक्षा होईल. शिकलेल्या माणसाला असले हिशेब चटकन जुळवता येतात.

"बोलतो," तो म्हणाला.

*

चुलीपाशी जरीना पोरीची वेणी घालत होती. वेणी केव्हाच झाली होती, तरी ती पुन्हा सोडून पुन्हा घालत होती. अब्दुलची ही बायको परीक्षेसाठी नवऱ्याशी चार महिने भांडली होती. नगरला जाताना घालायला म्हणून तिनं पोरीला निळा कुडता शिवून ठेवला होता. आज तीच पोरीला समजावत होती.

"कुनी विचारलं तर म्हनायचं, चुकलं माझं. दुसरं काही बोलायचं न्हाई."

"पण अम्मी, होता तिथं."

"आसंल. तू चुकलं म्हन."

"मी हात लावून बघितला होता. चित्र काढायच्या आधी चाचा म्हणाले, कळत नसेल तर हात लावून बघ. मी पाठीवर हात फिरवला तर केस एकाच जागी गोल फिरत होते. तेच काढायला मला दोन दिवस लागले." गौहरचा आवाज रडका नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की ह्यात चुकलं काय. "मग दादाजींनी तिथं डाग दिला. मी बघितलंय. चांद्या लई ओरडला."

जरीनाचा हात थांबला. तिनं सासूकडं बघितलं.

मुबारकबी भाकरी थापत होती. डाग दिला त्या सकाळी लोखंड तापवायला हीच चूल होती, ती आपण फुंकली होती, हे तिला आठवत होतं. तिनं नवऱ्याला तेव्हा विचारलं होतं, दोस्ताला कशाला देता हा? तो म्हणाला, दोस्त चांगला सांभाळंल. आणि सहादेवनं सांभाळलाही होता.

"व्हता गं बाई," मुबारकबी म्हणाली. "मला बी ठाऊक हाय."

"दादी, मग?"

मुबारकबीनं भाकरी तव्यावर टाकली. वर्षभर पोरीला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. गनीभाई दिसेल त्याला सांगायचे, माझी नात जनावर जिवंत काढती. आता त्याच घरानं तिला सांगायचं की तुला दिसत नाही.

"मंग काय न्हाई. तुजा दादाजी म्हातारा मानूस हाय. त्याला चार मानसांत खाली बघाया लावायचं का? येवढं एक कर. मंग नगरला जा, काढ तुला काय काढायचं ते."

"तिथं पण खरं काढलं तर?" गौहरनं विचारलं.

जरीनानं वेणीला गाठ मारली आणि उठली. "जास्ती बोलू नको," ती म्हणाली. तिला पोरीचा राग आला नव्हता. स्वतःचाच आला होता, पण तो काढायला दुसरी जागा नव्हती.

*

सहादेव आला तो बैलगाडीनं. गाडीला चांद्या नव्हता, दुसरीच जोडी होती. काल रंगवलेली शिंगं, गळ्यात अजून फुलांचे गोंडे. गोरक्षनाथ गुरुजी शेजारी बसले होते. ओट्यावर घोंगडी अंथरलेली होती. गनीभाई उठले, दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि नेहमीपेक्षा जरा लवकरच सोडले.

सहादेव दोन महिन्यांत वाळला होता. त्यानं चहाला नको म्हटलं. ह्या घरात त्यानं चहाला नको म्हणायची ही पहिली वेळ. अब्दुलनं ते बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"चितर कुटं हाय?" सहादेवनं विचारलं.

गनीभाईंनी कागद पुढं केला. सहादेवनं तो दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर सरळ केला आणि भोवऱ्यावर बोट ठेवलं. बोट मातीनं काळं, फाटलेलं. फक्रुद्दीनला वाटलं, पेन्सिल पुसली जाईल. असल्या वेळी त्याला हे वाटलं, ह्याची पुढं त्याला कित्येक वर्षं लाज वाटली.

"मास्तर, ह्यो चांद्याच न्हवं?"

"चांद्याच," फक्रुद्दीन म्हणाला.

"कवा काढलं?"

"फाल्गुनात. इथंच, अंगणात."

"म्हंजी डाग द्यायच्या आदी."

घरात भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"मंग ह्यो भोवरा व्हता का चांद्याला?"

बापाकडं बघायचं नाही, असं फक्रुद्दीननं ठरवलं होतं. तो कागदाकडंच बघत बोलला आणि बोलताना वर्गात बोलतो तसं शुद्ध बोलला. "नव्हता. असं आहे सहादेवराव, लहान मुलं समोरचं सगळंच बघून काढतात असं नाही. कुठंतरी दुसऱ्या बैलाला भोवरा बघितला असेल, तो हिच्या डोक्यात राहिला आणि इथं काढला. चित्र सुंदर आहे म्हणून मी ते लावलं. पण ते खरं धरायचं नाही. पोरीनं मनानं काढलंय."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, एवढंच होतं तर. इतकं काही अवघड नव्हतं.

गोरक्षनाथ गुरुजींनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. सातवीच्या फायनल परीक्षेच्या निकालाची काळजी ह्यापलीकडं त्यांना काही सुचत नव्हतं, एवढंच. "मास्तर, हे तुम्ही स्वतःच बोललात, बरं झालं," ते म्हणाले. "मी दोन वर्षं हेच म्हणतोय. या तासाला मुलांची नजर तयार होते असं तुम्ही मला लिहून दिलं होतं. तुमची सगळ्यांत हुशार मुलगी समोर उभ्या असलेल्या बैलाला नसलेला भोवरा काढते. मग तयार काय झालं? आठवड्याचे तीन तास आहेत, ते मी गणिताला घेतो. बोर्डाला आजच तसं कळवतो."

"गुरुजी, हे एकच चित्र..."

"आणि या मुलीचा नगरचा फॉर्मही मी परत मागवतो. मास्तरांनीच खोटं ठरवलेलं चित्र काढणारी मुलगी परीक्षेला पाठवून शाळेचं हसं करायचं नाही. राग मानू नका."

फक्रुद्दीननं आता मात्र बापाकडं बघितलं. गनीभाईंनी चाळीस वर्षांत इतका वाईट सौदा केला नव्हता आणि तो उलटवायची जागाही आता राहिली नव्हती. अब्दुल चौकटीशी हालला नाही. पोरगी घरात राहणार होती, त्याला हवं होतं तसंच झालं होतं, तरी त्याला बरं वाटेना.

"गुरुजी, तुमचं शाळंचं मागनं बोला," सहादेव म्हणाला. "माझं झालं न्हाई आजून."

त्यानं कागद घोंगडीवर ठेवला.

"गनीभाई, तुमाला वाटलं मी भांडायला आलो. मला दारातच कळलं. तीस वर्सांत तुमी आसा हात सोडला न्हाई कदी. मी भांडायला न्हाई आलो. चांद्या दावनीलाच हाय, काल त्याला सजिवला, निवद दाखिवला. माझं येगळंच हाय." तो थांबला. त्याला बोलायला त्रास होत होता. "चैतात बैल घरात आला. वैशाखात सून आली. आषाढात भीमा गेला. आमची कारभारीन राही म्हनती, सून छबूच्या पायगुनानं गेला. उठता बसता म्हनती. छबूला धड ताट वाढत न्हाई, अंगावर धड कापड दीत न्हाई. पोर सोळा वर्सांची हाय. आता भाऊबंद बी म्हनाया लागले, पोळा झाला की हिला बेलापूरला भावाच्या दारात सोडून या. तिला आयबाप न्हाईत. भाऊ तिला घरात घ्यायचा न्हाई, त्यानं तसं सांगूनच धाडलंय. मंग ती कुटं जाईल? हिरीतच जाईल."

घरात कुणाच्या तरी हातून भांडं खाली पडलं.

"काल शाळंत ह्ये चितर बघितलं आन् माझा जीव भांड्यात पडला, गनीभाई. म्हनलं, भोवरा व्हता. म्हंजी बैलाचं झालं. पोरीचं न्हाई. तुमच्यावर राग आला न्हाई मला, खोटं न्हाई बोलत, उलट वाटलं बरं झालं. बैल म्या देवाला सोडला आस्ता. राहीनं मास्तराचं आन् गुरुजीचं ऐकलं आस्तं, शिकल्याली मानसं हायेत म्हनून यांना घिऊन आलो. रातभर मनात येकच हुतं, छबूला सांगायचं, बाई, तुझ्यामुळं न्हाई." त्यानं फक्रुद्दीनकडं बघितलं. त्याच्या बघण्यात मागणं होतं. "मास्तर, येकदा नीट आठवून सांगा. व्हता का भोवरा?"

फक्रुद्दीनला वाटलं, आता बोलावं. होता म्हणावं. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण तो म्हटला की लगेच पुढचा प्रश्न येणार, मग डाग कशाला दिला. तो प्रश्न गुरुजींच्या तोंडून येणार आणि संध्याकाळपर्यंत चावडीवर जाणार. सहादेवला राग नव्हता, पण गावाला येणार होता. तीन घरं, भाई म्हणाला होता. आणि भोवऱ्यानं माणूस मरतो हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं का, असाही एक विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. एवढा वेळ तो विचार करत बसला, हेच त्याचं उत्तर झालं.

"सांगितलं की यकदा त्यानं," अब्दुल दारातून म्हणाला. पण त्याचा आवाजही धड नव्हता.

गनीभाईंनी दोस्ताचं तोंड बघितलं आणि त्यांच्या मनात आलं, उठावं, पाय धरावे, म्यां डाग दिला म्हणावं. सहादेवनं माफ केलं असतं. तो माफ करायलाच आला होता. पण गुरुजी बसले होते, पोरगं दारात उभं होतं, आणि साठीच्या पुढं माणसाला असं उठता येत नाही. ते घोंगडीची दशी ओढत बसले.

"मंग पोरीला बोलवा," सहादेव म्हणाला. "तिनं काढलंय, तिलाच ठाऊक."

जरीनानं गौहरला पुढं केलं आणि स्वतः दाराच्या आत राहिली. पोरीची वेणी घट्ट घातलेली होती. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"बाळ, मला भिऊ नगं. ह्यो भोवरा तू बघून काढला का मनानं?"

गौहरनं आधी चित्राकडं बघितलं. मग आजोबांकडं. आजोबा खाली बघत होते. मग तिनं चुलत्याकडं बघितलं. दोन वर्षं ती असंच बघत आली होती. रेघ काढायच्या आधी एकदा चाचाकडं बघायचं, आणि तो मान हलवायचा, म्हणजे बरोबर. फक्रुद्दीननं मान हलवली नाही. त्यानं डोळे पुसले आणि दुसरीकडं बघितलं.

"चुकलं माझं," गौहर म्हणाली.

सहादेवनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "आसू दे. पोरं चुकत्यात." तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि गनीभाईंना म्हणाला, "तरास दिला तुमाला. उद्या सकाळीच तिला बेलापूरला पोचिवतो. घरात तिचे हाल बघवत न्हाईत."

गनीभाई दारापर्यंत गेले नाहीत. गुरुजींनी चित्राची गुंडाळी करून काखेत मारली, बोर्डाच्या पत्राला जोडायला लागेल म्हणाले. गाडी हलली. गोंड्यांतली थोडी फुलं अंगणात पडली. अब्दुल कुणाशी न बोलता बाजाराच्या वाटेनं गेला. आत मुबारकबीनं चूल विझवली, अजून भाकरी व्हायच्या होत्या तरी.

ओट्यावर फक्रुद्दीन आणि गौहर राहिले. ती त्याच्याजवळ आली. पूर्वी यायची तशी अंगाला चिकटून नाही, हातभर अंतर ठेवून.

"चाचा, त्या छबूभाभीला खरंच घालवणार?"

"हो."

"आणि ती विहिरीत जाईल?"

फक्रुद्दीन घोंगडीची घडी घालू लागला.

"गाडी अजून वेशीतच असेल," गौहर म्हणाली. "बैल चढाला हळू चालतात. मी पळत जाऊन सांगू का, की होता म्हणून?"

फक्रुद्दीननं वेशीकडं बघितलं. गाडी दिसत होती. पोरगी पळाली असती तर ओढ्याच्या अलीकडंच तिनं ती गाठली असती.

"नको," तो म्हणाला.